पोराला दुकानात आयडी मागितला, हा अपमान समजायचा का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा २३ वर्षांचा, शिकायला इंग्लंडला गेलाय. तिथं सुपरमार्केटमध्ये बिअर घेताना काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट मागितला, ह्यानं दाखवला तरी सोबतच्या मित्राकडं काही नव्हतं म्हणून दिलीच नाही. आपण बाहेरचे म्हणून असं करतात का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: नाही हो ताई, मनाला लावून घेऊ नका. तिथं वय १८ पूर्ण लागतं पण बऱ्याच दुकानांत ‘चॅलेंज २५’ नावाची पद्धत आहे, म्हणजे माणूस पंचविशीच्या आतला वाटला की आयडी मागायचाच, मग तो गोरा असो की आपला. लहान मुलाला दारू विकली तर काउंटरवरच्या त्या पोरीला स्वतःला दंड होऊ शकतो, आणि ही बाटली त्या मित्रासाठीच असेल अशी शंका आली तर ती नाही म्हणू शकते. स्वतः स्कॅन करायच्या मशीनवर गेलं तरी स्टाफनं येऊन ओके केल्याशिवाय बिल होत नाही. दोघांनीही पासपोर्ट जवळ ठेवायचा, बस्स.

खरं सांगू, मला काळजी आपल्याकडची वाटते. महाराष्ट्रात बिअर-वाईनला २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५ वर्षं लागतात, वर परवाना वेगळा. २०२२ ला सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा केवढा विरोध झाला, पण आपल्या सोलापुरात सात रस्ता चौकात कुठल्या दुकानात कॉलेजच्या पोराला कुणी आधार कार्ड मागितलेलं मी तरी अजून बघितलेलं नाही.