आमच्यामागे हिचं कसं होणार?

दिव्यांग मुलामुलींचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा बोलणं कुठूनही सुरू झालं तरी या प्रश्नावर येऊन थांबतं. पण ‘मग तिला कामाला लावू या का?’ असं विचारलं, की तेच आईवडील म्हणतात, आधी तिच्यात आत्मविश्वास येऊ दे, मग बघू. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय 26, बारावी पास. सेरेब्रल पाल्सीमुळे चालताना तोल जातो, डावा हात आखडलेला, बोलणं जड. समज मात्र चोख. पहिल्या भेटीत मी तिला जे जे विचारलं त्याचं उत्तर वडिलांनी दिलं, अगदी नावसुद्धा. शेवटी त्यांना चहा पिऊन यायला सांगितलं. ते गेल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘माका काम करूचा आसा. पण माका कोण विचारीतच नाय.’’

वडिलांची मोठी भीती पैशांची निघाली. ती कामाला लागली तर निराधार योजनेचे पैसे बंद होतील. भीती अगदीच खोटी नाही. संजय गांधी निराधार योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणून मी धीराचे शब्द न देता कागद पुढे केला. महिन्याचं अनुदान किती, कामाचे किती मिळतील, जाण्यायेण्याचा खर्च किती. दिव्यांगांना एसटीत 75 टक्के सवलत असते, हे त्यांना माहीत होतं; पण मुलगी एकटी एसटीने कुठे गेलीच नव्हती, तर सवलत वापरणार कोण? दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही वडिलांच्या कपाटात, कुलूपबंद. नोकरभरतीत 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 4 टक्के राखीव जागा आहेत, पण त्या सरकारी. त्यांची वाट बघत वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. अर्ज जरूर भरावेत, पण तोवर जवळपास काय आहे तेही बघावं. तिच्या गावाजवळ काजूचा कारखाना होता.

तिथे तिला गरावरची साल काढायला बसवलं. एका हाताने गर धरून दुसऱ्याने सुरी चालवायची. तिच्याकडून अख्ख्या गरांपेक्षा तुकडेच जास्त होत. मजुरी किलोवर, म्हणजे हाती येणार काय? मालक भला माणूस. ‘‘पोरीचे हाल कशाला?’’ म्हणून घरी पाठवायला निघाला. असल्या भलेपणाची मला फार धास्ती वाटते. रागावणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

मालकाशी मी बोलावं, असं वडिलांचं म्हणणं. मी नकार दिला. काय बोलायचं त्याची तयारी मात्र आम्ही दोघींनी करून घेतली: काय जमत नाही हे एका वाक्यात, काय जमेल हे दोन वाक्यांत, आणि समोरचा घाईत असला तरी आपण सावकाशच बोलायचं. तिने प्रतवारीचं काम मागितलं. त्यात नजर लागते आणि एक हात पुरतो. पौंडाला 220 ते 240 गर बसले तर तो 240 नंबर, 300 ते 320 बसले तर 320. डागी आणि तुटका गर वेगळा. ट्रे सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं आणि हाताची खुर्ची, एवढंच तिला लागणार होतं. सरकारी आस्थापनेत अशी सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे. छोट्या कारखान्यात ती तोंड उघडून मागावी लागते. मालकाने दिली. सुरुवातीला तिचा वेग कमी होता आणि त्यावरून मुकादम बाई तिला ओरडायची. ते ऐकून आईला रडू आलं. मुलगी मला म्हणाली, ‘‘सगळ्यांका वराडता तशीच वराडता.’’ तक्रार नव्हती ती. मला तर त्यात समाधानच ऐकू आलं.

पुढे एकदा ती एसटीच्या पायरीवरून पडली. गुडघे सोलवटले, आणि घरात पुन्हा ‘पुरे झालं’ सुरू. ती म्हणाली, ‘‘मी घरात पण पडतंय. तेव्हा घर बंद करतास काय?’’ वडिलांना उत्तर सुचलं नाही. वाहक मदतीला तयार होता. पण हाताला धरून ओढायचं नाही, खांदा पुढे करायचा, हे तिने त्याला स्वतः सांगितलं.

पैशांवरून मात्र अजून कुरबुर आहे. मजुरी वडील आपल्याकडे घेत, ‘तिच्याच भल्यासाठी’. बऱ्याच बोलाचालीनंतर खातं आणि एटीएम कार्ड तिच्या हातात आलं. बाजारातून तिने बांगडे आणले, ते महाग पडले, आणि घरी व्याख्यान झालं. अहो, बाजारात कोण फसत नाही? धडधाकट मुलाला आपण हसून सोडून देतो. दिव्यांग मुलीच्या एका चुकीवर मात्र तिचा सगळा कारभार काढून घ्यायला निघतो.

वडिलांचा प्रश्न संपलेला नाही. आता ते विचारतात, कारखाना बंद पडला तर? विचारण्यासारखंच आहे, आणि त्यावर आम्ही बोलतो आहोत. फरक इतकाच, की त्या बोलण्यात आता ती असते, आणि वडील मध्ये बोलले की त्यांना थांबवते.

तुम्ही मुलाला किंवा मुलीला घेऊन समुपदेशनाला जाणार असाल, तर प्रमाणपत्र त्यांच्याच पिशवीत ठेवा. नाव विचारलं की थोडं थांबा; उत्तराला वेळ लागला तरी.