पगार कोण देतो, त्यावर परवाना : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच अडचणीची आहेत. परदेशात राहायला परवानगी आहे, हाताला काम आहे, पण ती परवानगी ज्या कामासाठी दिली गेली ते काम आता बदलायचे आहे. तिघांचे देश वेगळे असल्यामुळे उत्तरेही वेगळी आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा, संगणक अभियंता आहे. दीड वर्षापूर्वी मला स्पेनचा दूरस्थ काम करणाऱ्यांसाठीचा तीन वर्षांचा रहिवास परवाना मिळाला. बंगळूरच्या एका कंपनीचा मी स्वतंत्र सल्लागार आहे आणि येथे ‘आउतोनोमो’, म्हणजे स्वयंरोजगारी, म्हणून माझी नोंद आहे. आता वालेन्सियातील एक कंपनी पूर्णवेळ नोकरी देत आहे. त्यांचे म्हणणे असे, की तुमच्याकडे रहिवासाचे कार्ड आहेच, तेव्हा एक तारखेपासून रुजू व्हा. रुजू होता येईल का? नोकरी मानवली नाही, तर जुन्या परवान्यावर परतता येईल का? पत्नीही येथे आहे आणि तिलाही काम करायचे आहे. नव्या पगारावर चोवीस टक्के सपाट कराची योजना लागू होईल, असेही ऐकतो.

उत्तर : एक तारखेला रुजू होऊ नये. कंपनीचा गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण आपले कार्ड आणि शेजारच्या टेबलावरील परदेशी सहकाऱ्याचे कार्ड दिसायला सारखेच असते. फरक आहे तो परवाना ज्या कारणासाठी मंजूर झाला त्या कारणात. स्पेनने डिसेंबर २०२२ मध्ये नवउद्योगांविषयीचा २८/२०२२ हा कायदा करून २०१३ च्या उद्योजकविषयक कायद्यात ‘आंतरराष्ट्रीय दूरस्थ कर्मचारी’ हा वर्ग घातला. त्यातील नियम नेमका आहे. परदेशी कंपनीचा पगारदार म्हणून हा परवाना घेतलेल्याला केवळ स्पेनबाहेरील कंपन्यांसाठीच काम करता येते. आपल्यासारख्या स्वतंत्र व्यावसायिकाला स्पेनमधील कंपनीचे काम घेता येते, परंतु ते एकूण व्यावसायिक कामाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. हे वीस टक्के तासांचे मोजायचे की रकमेचे, हे कायद्याच्या वाक्यात उलगडून सांगितलेले नाही. माझा सल्ला असा, की दोन्ही मोजावेत आणि दोन्हीकडे मर्यादेच्या आत राहावे.

हीच सवलत आपल्याला मधल्या काळात उपयोगी पडेल. नव्या परवान्याची वाट पाहत असताना वालेन्सियाच्या कंपनीला आपण बिल देऊन थोडे सल्ल्याचे काम करू शकता. मात्र ते खरोखर थोडेच असावे. रोज नऊ ते सहा त्यांच्या कार्यालयात बसून महिन्याअखेर बिल देणे याला स्पेनचे कामगार निरीक्षक नोकरीच समजतात, कागदावर त्याचे नाव काहीही असो.

आता परवाना बदलण्याचा मार्ग पाहू. आपल्या बाबतीत सर्वांत सरळ मार्ग ‘उच्च पात्रताधारक व्यावसायिक’ या परवान्याचा आहे. तोही त्याच २०१३ च्या कायद्यातला आहे आणि ‘यूजीई’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा केंद्रीय कक्षच त्याचा निर्णय करतो, म्हणजे आपला आधीचा परवाना दिला त्याच खात्याकडे पुन्हा जायचे आहे. अर्ज कंपनीने करायचा असतो. या मार्गात ‘या जागेसाठी स्थानिक उमेदवार मिळत नाही’ हे सिद्ध करावे लागत नाही, आणि हाच त्याचा मोठा फायदा आहे. सर्वसाधारण नोकरीच्या परवान्यात, ज्याचे नियम २० मे २०२५ पासून नव्याने लागू झाले, दुर्मीळ कौशल्यांच्या यादीतील कामे आणि काही अपवाद सोडले तर ती पायरी ओलांडावी लागते. म्हणून कंपनीने सवयीने नेहमीचा अर्ज भरायला घेतला, तर तिला थांबवून या दुसऱ्या मार्गाची आठवण करून द्यावी. पद खरोखर वरच्या दर्जाचे असले पाहिजे आणि पगार त्या पदाला शोभणारा असला पाहिजे, एवढे मात्र तेथे पाहिले जाते.

यूजीईला निर्णयासाठी कामाचे वीस दिवस मिळतात आणि त्या मुदतीत उत्तर आले नाही तर अर्ज मंजूर झाला असे धरले जाते. ‘मौनं संमतिलक्षणम्’ आपल्याकडे सोयरिकीच्या बैठकीत म्हणतात, स्पेनमध्ये ते सरकारला लागू आहे. पण कागद अपुरा असल्याचे पत्र त्यांच्याकडून आले की मुदतीचे घड्याळ थांबते, आणि ते बहुतेक वेळा पदवीच्या कागदावरच थांबते. आपल्या पदवीवर अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावला जाणारा आंतरराष्ट्रीय शिक्का, असणे आणि शपथबद्ध अनुवादकाकडून केलेले स्पॅनिश भाषांतर सोबत असणे आवश्यक आहे. पहिल्या अर्जात आपण पदवीऐवजी तीन वर्षांचा अनुभव दाखवला असेल, तर हे कागद आजवर तयारच झाले नसतील.

क्रम असा ठेवावा : नवा परवाना मंजूर होणे, कंपनीने सामाजिक सुरक्षेत कर्मचारी म्हणून आपली नोंद करणे, आणि त्यानंतरच कामाचा पहिला दिवस. स्वयंरोजगारीची नोंद बंद करण्याची घाई करू नये. परवाना येण्यापूर्वी ती बंद केली, तर ज्या कामाच्या आधारावर आपण आज तेथे राहता तो आधारच आपण स्वतःहून काढून घेतल्यासारखे होईल.

परत फिरता येईल का, हा आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला वाटतो. फिरता येते, परंतु जुना परवाना कपाटात ठेवलेल्या कपड्यासारखा पुन्हा अंगावर चढवता येत नाही. नवा अर्ज करावा लागतो आणि त्या दिवशी सर्व अटी पुन्हा पूर्ण असाव्या लागतात. परदेशी कंपनी किमान एक वर्ष प्रत्यक्ष व्यवहारात असावी, तिच्याशी आपला संबंध किमान तीन महिन्यांचा असावा आणि उत्पन्न स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट असावे. २०२५ च्या किमान वेतनानुसार ही रक्कम एकट्यासाठी दरमहा सुमारे २,७६३ युरो होती, आणि जोडीदारासाठी किमान वेतनाच्या पंचाहत्तर टक्क्यांची भर पडते. यांतील तीन महिन्यांची अट नेमकी आडवी येते. समजा वालेन्सियाची नोकरी सहाव्या महिन्यात सुटली आणि बंगळूरच्या कंपनीने आपल्याला आनंदाने परत घेतले, तरी तो करार नवा धरला जाऊ शकतो. म्हणून निरोप घेताना त्यांच्याकडून आजवरच्या कामाचे, तारखांसह, सहीशिक्क्याचे पत्र घेऊन ठेवावे.

पत्नीविषयीचे उत्तर अधिक आनंदाचे आहे. आपल्या परवान्याशी जोडलेल्या कुटुंबीयांना याच कायद्याखाली स्पेनमध्ये काम करण्याची मुभा असते. पत्नीच्या कार्डावर ‘आउतोरिसा आ त्राबाखार’, म्हणजे ‘काम करण्यास परवानगी’, ही अक्षरे आहेत का, हे पाहावे. असतील तर ज्या स्थानिक नोकरीसाठी आपल्याला परवाना बदलावा लागत आहे, ती त्या उद्या स्वीकारू शकतात. आपण परवाना बदललात की त्यांचाही नव्या परवान्याशी जोडून घ्यावा लागेल, आणि दोन्ही अर्ज एकत्र देणे सोयीचे जाते.

चोवीस टक्के सपाट कराच्या विशेष योजनेचाही आपण ओझरता उल्लेख केला आहे. ती योजना आधीची पाच वर्षे स्पेनचा कर-रहिवासी नसलेल्या आणि कामासाठी तेथे आलेल्या माणसासाठी आहे, आणि अर्जाची मुदत सहा महिने आहे. आपण दीड वर्षापासून तेथे राहता, त्यामुळे ते दार आपल्यासाठी बहुधा बंद झाले आहे. नव्या पगाराची बोलणी ते गृहीत धरून करू नयेत.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये ब्लू कार्डावर नोकरी करतो, सतरा महिने झाले. भारतातील एका कंपनीने घरबसल्या काम देऊ केले आहे आणि जर्मनीतच राहून ते करायचे आहे. जर्मनीत ‘डिजिटल नोमॅड’ व्हिसा कसा घ्यावा?

उत्तर : परदेशी कंपनीचे दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी जर्मनीत तसा वेगळा व्हिसा नाही. ब्लू कार्ड जर्मनीतील ठरावीक पात्रतेच्या नोकरीसाठी दिले जाते, त्यामुळे ही नोकरी सोडून भारतीय कंपनीचे काम करू लागलात तर कार्डाचा पाया जातो. नोकरी मुदतीपूर्वी संपल्यास ती माहिती परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवणे हेही आपल्यावर बंधनकारक आहे. स्वतंत्र व्यवसायाचा परवाना तेथे आहे, पण एकाच परदेशी कंपनीचे काम करणाऱ्या माणसासाठी तो मला सोयीचा वाटत नाही.

त्यापेक्षा थोडा धीर धरावा. ब्लू कार्डधारकाला, निवृत्तिवेतनाचे हप्ते भरलेले असल्यास, बी-वन (मध्यम) पातळीची जर्मन भाषा येत असेल तर एकवीस महिन्यांनी आणि ए-वन (प्राथमिक) पातळीवर सत्तावीस महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. तो मिळाल्यावर कोणतेही काम करण्याची मोकळीक असते. म्हणजे बी-वनची परीक्षा उत्तीर्ण झालात तर चार महिने, नाही तर दहा. भारतीय कंपनीला तेवढे थांबण्याची विनंती करावी. पुढे काम घरबसल्याचे आहे म्हणून लांबच्या मुक्कामाला गावी येण्याचा मोह होईल, पण सलग सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास हा परवानाही सहसा संपुष्टात येतो.

प्रश्न : मी सांगलीची, पुण्याच्या कंपनीत काम करते आणि दूरस्थ कामाच्या एक वर्षाच्या व्हिसावर दुबईत राहते. शारजाच्या एका कंपनीने मला निवडले आहे. ते म्हणतात, काम आजपासून सुरू करा, परवाना मागून येईल. परवान्याचा खर्च पगारातून कापणार आहेत. माझे पदवी प्रमाणपत्र सांगलीला आईकडे आहे.

उत्तर : आपल्या व्हिसाचा अर्थच असा आहे, की आपला मालक अमिरातीबाहेर आहे. अमिरातीतील कंपनीत काम करायचे तर त्या कंपनीच्या नावाने कामाचा परवाना हवा. कंपनी मुक्त क्षेत्रातील (फ्री झोनमधील) नसेल तर तो मनुष्यबळ व अमिरातीकरण मंत्रालयाकडून मिळतो, मुक्त क्षेत्रातील असेल तर त्या क्षेत्राच्या प्राधिकरणामार्फत. परवान्याविना माणूस कामावर ठेवणाऱ्या कंपनीला २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहॅम दंड होऊ शकतो, आणि कर्मचाऱ्यावरही दंड व हद्दपारीची वेळ येऊ शकते. एवढा दंड माहीत असूनही जो मालक ‘मागून बघू’ म्हणतो, त्याच्या इतर आश्वासनांकडेही मी सावधपणे पाहीन.

खर्चाच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा आणि नेमणुकीचा खर्च मालकाने करायचा असून तो कर्मचाऱ्याकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष वसूल करता येत नाही. हे सौम्य शब्दांत लेखी कळवावे. नियुक्तिपत्रावरील पगार आणि नंतरच्या करारातील पगार एकच आहे ना, तेही सही करण्यापूर्वी ताडून पाहावे.

देश सोडून परत येण्याची सहसा गरज पडत नाही. नव्या प्रवेश-परवान्यावर तेथेच ‘स्टेटस चेंज’, म्हणजे व्हिसाच्या प्रकारातला बदल, करता येतो, मग वैद्यकीय तपासणी आणि एमिरेट्स आयडी हे तेथील ओळखपत्र. जुना व्हिसा नव्या कंपनीच्या सांगण्यावरून रद्द करायचा, पण मंत्रालयाची प्राथमिक मंजुरी आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर.

कराचेही चित्र बदलेल. आज पुण्याची कंपनी आपला पगार भारतातील खात्यात भरते, त्यामुळे तो भारतात मिळालेले उत्पन्न म्हणून येथे करपात्र ठरतो. शिवाय भारतातील उत्पन्न पंधरा लाखांहून जास्त असलेला आणि इतर कोणत्याही देशात कर लागू नसलेला भारतीय नागरिक भारताचा रहिवासी मानला जातो. शारजाचा पगार तेथेच कमावलेला आणि तेथेच जमा झालेला असेल, त्याची गणना वेगळी होते. नोकरी बदलण्याच्या वर्षात दोन्ही पगार येतील, म्हणून ते वर्ष सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे आणि भारतातील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे भारतातील उत्पन्नासाठीचे खाते, करून घ्यावे.

आता पदवीचे. स्पेनच्या उत्तरात वर अपॉस्टीलचा उल्लेख आहे तो आपल्याला लागू नाही, कारण अमिराती अपॉस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात नाही. आपल्या प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा आणि शेवटी दुबईत पोहोचल्यावर तेथील परराष्ट्र खात्याचा शिक्का लागेल. याला आठवडे लागतात. आईंना आजच फोन करावा, आणि त्यांनी मूळ प्रमाणपत्रच पाठवावे, झेरॉक्स नव्हे. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर पासपोर्टवरील नाव आणि पदवीवरील नाव यांचा मेळ दाखवणारा कागदही त्याच लिफाफ्यात घालायला सांगावा.