साताऱ्याजवळच्या पठारावर रात्री, पावसात एअरसॉफ्ट खेळणे सुरक्षित आहे का?

एअरसॉफ्ट, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांनी एकमेकांवर प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या झाडण्याचा खेळ, रिमझिम पावसात, जागामालकाच्या परवानगीने आणि दिवसा नीट फिरून पाहिलेल्या जागेवर खेळता येईल. मात्र विजा कडाडत असताना यवतेश्वरसारख्या उघड्या पठारावर क्षणभरही थांबू नये. असे खेळ भरवण्याच्या अनुभवावरून सांगतो, की पावसात खरा घात काचेवर धरणारी वाफ करते: समोरचे दिसेनासे होताच खेळाडू गॉगल कपाळावर सरकवून काच बोटाने पुसू लागतो, आणि अंधारात हे कोणालाच दिसत नसल्याने ६ मिलिमीटरची गोळी थेट डोळ्यात बसू शकते. म्हणून दुहेरी काचेचा गॉगल घ्यावा आणि खेळाच्या हद्दीबाहेर आल्याशिवाय तो काढूच नये. वाऱ्यात ०.२० ग्रॅमची गोळी भरकटते, ०.२८ ची बरी. पोलीस ठाण्याला व शेजारच्या वस्तीला मात्र आधी कळवावे, कारण टॉर्चच्या उजेडात ही बंदूक खरीच वाटते.