एप्सम सॉल्टचा, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचा, ११ पाण्यांचा भाऊ खरंच असतो का? घरी करता येईल का?

असतो. नाव मेरिडियानीआइट. फक्त तो संग्रहालयाच्या कपाटात बघायला मिळणार नाही, कारण तापमान २ अंशांच्या वर गेलं की त्याचा निकाल लागतो. तो सरळ वितळतही नाही. पाण्याच्या ११ रेणूंपैकी ४ सुटतात, उरलेल्या ७ रेणूंचं आपलं नेहमीचं एप्सम सॉल्ट होतं आणि वाटीत पांढरा लगदा राहतो.

'पाणी' म्हणजे इथे स्फटिकजल, स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले पाण्याचे रेणू. जिप्सममध्ये ते २, मोरचुदात ५, हिराकसात ७. ही सगळी सल्फेटांची भावकी. मॅग्नेशियमच्या घरात किझेराइटला १, हेक्साहायड्राइटला ६, एप्समाइटला (म्हणजे एप्सम सॉल्टला) ७ आणि या पठ्ठ्याला ११. वजनाचा हिशेब केला तर स्फटिकाचा ६२ टक्के भाग नुसतं पाणी!

फ्रिट्शे नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८३७ सालीच हे मीठ बनवलं होतं. त्याच्या मोजणीत मात्र १२ रेणू आले. पुढे कॅनडातले खनिजतज्ज्ञ रोनाल्ड पीटरसन यांनी ऐन थंडीत गॅरेजमध्ये द्रावण ठेवलं आणि त्यातून ११ चा हिशेब लागला. मग ब्रिटिश कोलंबियात अ‍ॅशक्रॉफ्टजवळच्या गोठलेल्या तळ्यात ते निसर्गतः सापडलं आणि २००७ मध्ये त्याला खनिजाचा दर्जा मिळाला. म्हणजे सापडलं पृथ्वीवर, नाव मात्र मंगळावरच्या मेरिडियानी मैदानाचं. नासाने मंगळावर पाठवलेल्या ऑपॉर्च्युनिटी गाडीला तिथल्या खडकांत स्फटिकांच्या आकाराच्या पोकळ्या दिसल्या होत्या. त्या याच्याच असाव्यात, हा तर्क आहे. पुरावा म्हणून सांगू नका कुणाला.

आता घरचा प्रयोग. कृषी सेवा केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट मिळतं. मी १०० मिली कोमट पाण्यात ७० ग्रॅम विरघळवलं, गाळलं आणि बरणी फ्रीझरमध्ये ठेवली. बरणीवर चिठ्ठी लावा. आमच्याकडे ते सरबत समजून कुणीतरी प्यायला निघालं होतं. हे जुलाबाचं औषध आहे, विसरू नका. पहिल्यांदा रात्रभर विसरलो तर बर्फासकट सगळ्याचा दगड झाला. दुसऱ्यांदा अर्धवट गोठल्यावर काढून वरचं पाणी ओतून टाकलं, तेव्हा तळाशी पारदर्शक खडे मिळाले. थंडगार ताटलीत ठेवून बघत बसलो. आधी कडा दुधाळ झाल्या, मग खालून पाणी सुटलं आणि चहा होईपर्यंत ताटलीत ओला लगदा. एक्स-रे तपासणीशिवाय तो मेरिडियानीआइटच होता असं छातीठोक म्हणणार नाही, पण वागला अगदी तसाच.

फोटो काढायचा तर ताटलीही आधी फ्रीझरमध्ये ठेवा.