केमोआधीचे तीन आठवडे : स्त्रीबीजं गोठवावीत की भ्रूण?

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. गाव सांगली जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. गेल्या महिन्यात स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. ऑपरेशन झालंय, तीन आठवड्यांनी केमो सुरू होईल आणि नंतर किमान पाच वर्षं गोळ्या आहेत. केमोमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते म्हणून डॉक्टरांनी आयव्हीएफ क्लिनिकमध्ये पाठवलं. माझा साखरपुडा झालाय. होणाऱ्या नवऱ्याला आजाराची कल्पना आहे. तो म्हणतो, पुढच्या आठवड्यात रजिस्टर लग्न करू आणि दोघांचे भ्रूण गोठवून ठेवू. त्याच्या घरी मात्र माझ्या आईने 'गाठ होती, काढली' एवढंच सांगितलंय. क्लिनिकने आठ पानी फॉर्म दिलाय आणि वडिलांची सही मागितलीय. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या हातात तीन आठवडे आहेत आणि त्यातले साधारण दोन बीजं वाढवण्याच्या इंजेक्शनांतच जातील. म्हणून निर्णय आधी सांगते, कारणं मागून. स्त्रीबीजं गोठवा. तुमच्या एकटीच्या नावावर, तुमच्या एकटीच्या सहीने. भ्रूणाचा विषय आत्ता बाजूला ठेवा, आणि त्यासाठी लग्नाची घाई तर मुळीच करू नका.

पहिली गोष्ट वडिलांच्या सहीची. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा, २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार २१ वर्षांवरची आणि ५० वर्षांखालची स्त्री या सेवेसाठी स्वतः येऊ शकते, लग्न झालेलं असो वा नसो. तुम्ही सज्ञान आहात, शरीर तुमचं आहे, संमतीही तुमचीच लागते. भूल देताना जवळचं माणूस म्हणून वडिलांचं नाव आणि फोन नंबर क्लिनिकने लिहून घ्यावा, त्याला हरकत नाही. पण 'संमती देणारा' या रकान्यात वडिलांना सही करायला लावू नका. उद्या कुणी म्हणायला नको की मुलीच्या बीजांवर बापाचाही अधिकार आहे.

आता लग्नाचं. ज्याला आपण रजिस्टर लग्न म्हणतो ते विशेष विवाह कायद्याखाली होतं, आणि तिथे नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. तोवर तुमची पहिली केमो होऊनही गेलेली असेल. मग कुणीतरी सुचवेल की देवळात हार घाला, भटजींचा दाखला घ्या आणि नोंदणी करून टाका. ते ऐकू नका. १९ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न विधींनी होतं. विधी झालेच नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्राने ते लग्न ठरत नाही. अशा अर्धवट लग्नाच्या आधारावर भ्रूण तयार केले तर पुढे त्यांच्यावरच प्रश्नचिन्ह लागेल, कारण सहाय्यक प्रजननाच्या कायद्यात 'जोडपं' म्हणजे विवाहित जोडपं. साखरपुडा तिथे मोजला जात नाही.

आणि समजा, रीतसर लग्न झालंच, तरी माझं मत बदलणार नाही. स्त्रीबीज तुमचं असतं, भ्रूण दोघांचा होतो. तो वापरायचा त्या दिवशी दोघांची लेखी संमती लागते, आणि गर्भाशयात सोडण्याच्या आधी कधीही ती मागे घेता येते. तुमचा होणारा नवरा चांगला माणूस दिसतो. आजार कळल्यावर पळून न जाता तो लग्नाची तारीख मागतोय. पण कोर्टात मी जी भांडणं पाहते, ती करणारी माणसंही साखरपुड्याच्या दिवशी चांगलीच होती. पाच वर्षांनी तुमचं जमलं नाही, तर तो 'नाही' म्हणेल आणि तुमची आई होण्याची ठेव त्या एका शब्दावर अडकेल. स्त्रीबीजं असतील, तर पुढे त्याच्याशीच सुखाने संसार करताना त्याच्या संमतीने भ्रूण तयार करता येतील. आज बीजं ठेवल्याने त्याचं काहीच हिरावलं जात नाही. हे त्याला असंच समजावून सांगा.

मुदतीचाही प्रश्न आहे. याच कायद्याच्या कलम २८ मध्ये साठवणुकीची कमाल मर्यादा १० वर्षं आहे, आणि ती दात्याच्या बीजांना आणि भ्रूणांना लावलेली आहे. स्वतःसाठी ठेवलेल्या बीजांचा त्या वाक्यात उल्लेख नाही. तुमच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. पाच वर्षं गोळ्या, डॉक्टरांनी वाढवल्या तर आणखी काही, मग शरीर सावरायला वेळ, मग लग्न आणि मनाची तयारी. भ्रूणाची दहा वर्षं यात कधी सरली ते कळणारही नाही. क्लिनिकच्या करारात सरसकट 'कमाल १० वर्षे' छापलेलं असेल, तर सही करण्याआधी विचारा की हे माझ्या स्वतःच्या बीजांना कोणत्या कलमाने लागू होतं, आणि उत्तर लेखी घ्या.

हा कायदा लिहिताना डोळ्यांसमोर मूल न होणारी जोडपी होती, असं तो वाचताना जागोजागी जाणवतं. केमोच्या तारखेकडे डोळे लावून बसलेल्या मुलीला त्यात आपली जागा शोधून घ्यावी लागते. तुम्हाला डॉक्टरांनी वेळेत पाठवलं, याचं मला फार बरं वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या काही जणींना हा पर्याय होता हे केमो संपल्यावर कळलं. त्यांना द्यायला माझ्याकडे कायद्याचं कुठलंच कलम नसतं.

आता तो आठ पानी फॉर्म. त्यातलं सगळ्यात जड पान म्हणजे तुमचा मृत्यू झाला किंवा तुम्ही निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिला नाहीत, तर बीजांचं काय करायचं. कायद्याने हे लेखी विचारणं क्लिनिकला बंधनकारक आहे. गेल्या वर्षी एका आईने, मुलाने वीर्य गोठवताना भरलेला असाच फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. 'नमुना नष्ट करावा' या ओळीसमोर पेन्सिलीची बारीक खूण, जशी कुणी 'इथे टिक करा' म्हणून करून देतं तशी, आणि त्या खुणेवरूनच शाईने गिरवलेली टिक. खाली मुलाची सही. हाताला सलाईन होतं म्हणून ती ओळीतून खाली घसरलेली. मुलाने ते पान वाचलं होतं का, हे सांगायला मुलगा उरला नव्हता.

न्यायालयांपुढे हेच पान येतं. दिल्लीत ३० वर्षांच्या एका अविवाहित तरुणाने २०२० मध्ये केमोआधी वीर्य गोठवलं आणि दोनेक महिन्यांतच तो गेला. आईवडिलांना तो नमुना मिळवायला उच्च न्यायालयात जावं लागलं. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि त्यात मुलाच्या संमतीला महत्त्व होतं. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या आईचा मुलगाही कर्करोगाने गेलेला, अविवाहित. पण त्याने भरलेल्या फॉर्मवर मृत्यूनंतर नमुना टाकून द्यावा असं होतं. निर्णय होईपर्यंत नमुना जपून ठेवा, एवढा अंतरिम आदेश न्यायालयाने दिला. दोन्ही घरांत दुःख तेच, पण फॉर्मवरच्या एका ओळीमुळे वाट वेगळी झाली.

म्हणून तो फॉर्म घरी आणा. क्लिनिकमध्ये गाऊन घालून बसलेलं असताना सही करू नका. तुमची इच्छा काय आहे ते आधी मनाशी ठरवा. 'माझ्यानंतर कुणी वापरू नये' हे उत्तरही पूर्ण योग्य आहे, त्याबद्दल कुणाची माफी मागायची नाही. जे ठरेल ते टिकबरोबर एका ओळीत स्वतःच्या हाताने लिहा, तारीख घाला, प्रत घ्या. पुढे लग्न झालं, मन बदललं, तर नवीन लेखी सूचना द्या.

क्लिनिक निवडताना त्याची या कायद्याखालची नोंदणी बघा, आणि शक्यतो जिथे पुढेही राहणार आहात त्या गावातलं घ्या. स्वतःची बीजंसुद्धा स्वतःच्या वापरासाठी दुसरीकडे हलवायची तर या कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. दरवर्षीचं साठवणुकीचं शुल्क, ते चुकलं तर किती दिवसांत आणि कोणत्या पत्त्यावर कळवणार, हेही करारात असू द्या. तुम्ही पुण्यात भाड्याच्या घरात राहात असाल, तर सांगलीचा पत्ताही द्या.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. आरोग्य पॉलिसीत वंध्यत्व आणि आयव्हीएफ वगळणारं कलम बहुतेक असतंच. तरी कर्करोगतज्ज्ञांचं पत्र जोडून क्लेम करा. तुम्हाला वंध्यत्व नाही, हा कर्करोगाच्या उपचाराचाच भाग आहे, असा मुद्दा मांडा. नकार लेखी घ्या. विमा लोकपालाकडे तक्रारीला पैसे पडत नाहीत. पण त्या पैशांच्या भरवशावर क्लिनिकची तारीख पुढे ढकलू नका.

राहिलं सासरी सांगण्याचं. कायद्याच्या दृष्टीने सासूबाईंना काय माहीत आहे याला महत्त्व नाही, होणाऱ्या नवऱ्याला काय माहीत आहे याला आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर ते कळल्यापासून एका वर्षात लग्न रद्द करून मागता येतं. त्याला आजार माहीत आहे. पण मूल होण्यात अडचण येऊ शकते, पुढे कदाचित सरोगसीचा विचार करावा लागेल, हेही माहीत आहे ना? एकदा डॉक्टरांकडे त्याला बरोबर न्या, आणि नंतर आज काय बोलणं झालं ते व्हॉट्सॲपवर साध्या शब्दांत लिहून त्याचं उत्तर येऊ द्या. पुराव्यापेक्षाही तुमच्या झोपेसाठी ते हवं. त्याच्या आईला कुणी, कधी सांगायचं ते मग तुम्ही दोघं ठरवा. माझं वैयक्तिक मत विचाराल, तर लग्नाआधी आणि त्यानेच सांगावं. तुमच्या आईने 'गाठ काढली' म्हटलं ते मायेपोटी, पण केमोत केस गेल्यावर ते वाक्य टिकणार नाही.

सरोगसीचं दोन ओळींत : कर्करोगानंतर गर्भारपण जिवाला धोक्याचं ठरणार असेल, तर विवाहित जोडप्याला वैद्यकीय कारणावर ती वाट आहे. अविवाहित स्त्रीला आजच्या कायद्यात नाही. एकट्या स्त्रियांपैकी फक्त ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटितांना आहे. स्वतःच्या पोटी मूल वाढवता येत असेल, तर लग्न न करताही गोठवलेली बीजं दात्याच्या वीर्यासह वापरता येतात.

उद्या सकाळी क्लिनिकला फोन करून इंजेक्शनं कधी सुरू करायची ते विचारा, पाळीची वाट बघावी लागेलच असं नाही. फॉर्मच्या आठही पानांचे फोटो मला पाठवा. सही करण्याआधी मी ते वाचून, कुठे काय खोडायचं ते कळवते.