धुराड्यातून काळं चिकट पाणी ओघळतंय. धुराडं कसं आणि कधी साफ करावं?

तुम्ही लिहिलंय की गुहागरकडच्या घरात दोन वर्षांपूर्वी चुलीवर विटांचं धुराडं बांधलं, आता धूर उलटा स्वयंपाकघरात येतो, भिंतीवर डांबरासारखे ओघळ दिसतात आणि गवंडी म्हणतोय सांधे भरून घ्या. सांधे नंतर भरा. आधी सरपण बघा.

मी दापोली तालुक्यातला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. धुराड्याची पत्र्याची टोपी शेजारच्यांच्या पोफळीत सापडली आणि परसात दोन आंबे, एक फणस आडवे. फुकटचं लाकूड म्हणून हिवाळ्यात तेच जाळलं. वरून वाळलेलं दिसायचं, पण चुलीत घातलं की टोकाला फेस यायचा, सुरसुर आवाज यायचा. आई म्हणायची, "हे रडतंय अजून." मग एका सकाळी आंघोळीचं पाणी तापत असताना धुराड्यातून असा आवाज घुमायला लागला की जणू एसटी घाट चढतेय. बाहेर येऊन बघतो तर कौलांवर ठिणग्या.

काय होतं, तर ओल्या लाकडाचा बराच जोर स्वतःतलं पाणी उडवण्यात जातो. धूर गार राहतो, आणि 120 अंशांच्या खाली आला की त्यातला न जळलेला चीक भिंतीला धरतो. आधी भुसभुशीत काजळी, मग चिकट किटण, शेवटी काचेसारखा चकाकणारा थर. तो पेटला तर आत हजार अंशांवर उष्णता जाते. आपल्याकडे त्यात पावसाची भर. चार महिने धुराडं बाहेरून भिजत उभं, म्हणजे आतून कायम थंड. तुमचे ओघळ त्यातलेच. रात्रभर निखारा राहावा म्हणून नारळाची सोडणं घालून चूल दडपून ठेवत असाल, तर तेही सोडा. धुमसणारी चूलच धुराडं सगळ्यात जास्त घाण करते.

सुरूच्या झाडाचं लाकूड आणि करवंट्या उत्तम, मोठा स्वच्छ जाळ होतो. काजूबियांची टरफलं नकोत. त्यातलं तेल हाताला फोड आणतं, तर धुरात काय करत असेल! समुद्रातून वाहून आलेली लाकडं आणि होडीच्या रंगवलेल्या फळ्याही नकोत. खारामुळे पत्र्याचे पाईप सडतात आणि धूर विषारी होतो. लाकूड फोडून, पावसाच्या माऱ्यापासून लांब, वारा खेळेल असं एक वर्ष तरी रचून ठेवा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजायला हव्यात. ढब आवाज आला तर अजून ओल आहे.

आता सफाई. चूल रोजची असेल तर वर्षातून दोनदा: आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी मे महिन्यात, आणि दसऱ्यानंतर. मधे कधी आतला थर तीन मिलिमीटरला पोचला तर तेव्हाच. आदल्या दिवसापासून चूल बंद. चुलीचं तोंड आणि वैल (चुलीचं बाजूचं दुसरं तोंड) ओल्या गोणपाटाने झाका, नाहीतर घरभर काजळी. तारेचा ब्रश मिळाला तर बरं, नाहीतर माडाच्या हिरांचा खराटा दोरीला बांधून खाली धोंडा लटकवा आणि वरून खालीवर करा. नाकातोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा. शेवाळलेल्या कौलांवर एकट्याने चढू नका. आणि आधी टॉर्च मारून बघा, आमच्याकडे एकदा गांधीलमाशांचं पोळं निघालं होतं. चकाकता थर खराट्याला दाद देत नाही, तो माणूस लावून खरवडून घ्यावा लागतो. पेंढ्याचा मोठा जाळ करून "जाळून टाका" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ती आग मुद्दाम लावलेली असली तरी आगच. जुन्या निर्धूर चुलीचा ॲस्बेस्टॉसच्या सिमेंटचा पाईप असेल तर तो घासू किंवा फोडू नका, न फोडता बदलून घ्या.

त्या सकाळी आईने जळती लाकडं ओढून अंगणात मातीत खुपसली आणि मी चुलीचं तोंड ओल्या गोणपाटांनी बुजवलं. हवा तुटल्यावर काही वेळाने आवाज बसला. शेजारचे काका हंडा घेऊन वर निघाले होते, त्यांना अडवलं. तापलेल्या विटांवर पाणी पडलं की त्या तडकतात, वाफ अंगावर येते. पाणी आजूबाजूच्या कौलांवर मारायचं. घरातली माणसं बाहेर काढून 101 ला फोन करायचा, मग बंब यायला वेळ लागला तरी चालेल. नंतर भेगा तपासल्याशिवाय चूल पेटवली नाही.

धुराड्याचं तोंड कौलांच्या वर निदान तीन फूट हवं, आणि दहा फुटांच्या आत आढं (छपराचा सगळ्यात उंच कणा) असेल तर त्याच्याही दोन फूट वर. तुमचं बुटकं असेल तर नैर्ऋत्येचा वारा धूर खाली दाबणारच. पत्र्याचा एकेरी पाईप कौलांतून नेला असेल तर वासे-रीपा त्याच्यापासून दीड फूट लांब ठेवा.

आणि धूर आत येतोय तोवर दारंखिडक्या लावून चूल पेटवू नका. धूर दिसतो तरी, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बाळंतिणीच्या बंद खोलीतली शेगडी त्याच कारणाने धोक्याची.

सफाईनंतर चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरून बघा. धूर सरळ आत ओढला गेला, की मग गवंड्याला सांधे भरायला बोलवा.