एलकुंचवारांची नाटके वाचायला घेताना

नागपुरात राहून तुम्ही महेश एलकुंचवारांची नाटके क्रमाने वाचायला घेत आहात, याचा मनापासून आनंद वाटला. १९६७ साली 'सत्यकथा' मासिकात आलेल्या 'सुलतान' या एकांकिकेपासून सुरुवात करावी. मुक्काम मात्र 'वाडा चिरेबंदी'त करावा. पहिल्या वाचनात कथानकामागे न धावता अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, पुन्हापुन्हा वेळ विचारणारी दादी आणि तेराव्याच्या खर्चावरून भावाभावांत चाललेली धुसफूस यांकडे लक्ष द्यावे, कारण धरणगावच्या देशपांड्यांची पडझड कोणी बोलून दाखवण्याआधीच तिथे दिसू लागते. त्यातले वऱ्हाडी संवाद मोठ्याने वाचावेत. तो हेल आपल्या कानांना ओळखीचा आहे, हा मोठाच लाभ. याच नाट्यत्रयीतली पुढची नाटके, 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', त्यानंतर याच क्रमाने घ्यावीत. 'गार्बो' आणि 'पार्टी' थोडी मागे राहिली तरी चालेल.